उताराला तीस

"हाण रे संदेश, हाण!" दामू ओरडला.

संदेशने हाणली नाही. जीपचा काटा तीसवर होता आणि तो तिथून हलू नये यासाठी त्याचा पाय ब्रेकवर जात होता. डोळखांबकडून शहापूरला येताना हा लांब उतार लागतो. खडीचा एक डंपर ब्रेक न लागून इथे खाली गेला, तेव्हापासून या रस्त्याला दोन वेग झाले. उतरणाऱ्यांना तीस, चढणाऱ्यांना साठ. दोन्ही पाट्या एकाच खांबावर, पाठीला पाठ लावून उभ्या आहेत.

मागच्या सीटवर सुरज आडवा पडला होता. डोकं त्याच्या आईच्या, जनाच्या मांडीवर. त्याचा काका दामू पुढे संदेशच्या शेजारी.

रात्री सुरज खळ्यावर भाताच्या राखणीला झोपला होता. पहाटे पोट दुखतंय म्हणत घरी आला. नव्या तांदळाचं जेवण बाधलं असेल म्हणून जनाने ओवा दिला. मग त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. कापणीच्या दिवसांत पाड्यावरच्या सगळ्याच पोरांच्या मिटतात. जागरण झालंय, झोपू दे, असं म्हणत तिने त्याच्या अंगावर गोधडी घातली. उन्हं वर आल्यावर घरोघरी औषधं देत फिरणारी आशाताई दारात आली. तिने हाका मारल्या तेव्हा त्याला डोळे उघडता येईनात, जीभ वळेना.

"मण्यार चावली असंल," आशाताई म्हणाली. "तिचा दात लागलेला कळत नाय. उचला पहिलं."

ॲम्ब्युलन्स दुसरा पेशंट घेऊन मुरबाडकडे गेली होती. नाक्यावर संदेशची जीप उभी होती. तिच्यातले प्रवासी न सांगता उतरले.

समोरून एक पांढरी गाडी सुसाट वर गेली. तिच्यामागे आणखी एक. खिडकीतून गाणी ऐकू आली.

"बघ," दामू म्हणाला. "फार्महाउसवाले. त्यांना वर प्यायला जायाचं तर साठ. आमाला खाली दवाखान्यात जायाचं तर तीस. कुणी काढला रे हा कायदा?"

"दामूकाका, खाली कॅमेऱ्याची गाडी असते."

"मग सांगू ना, पेशंट हाय म्हणून."

"कॅमेऱ्याला सांगणार? मागच्या टायमालाबी पेशंटच होता. कळा येत होत्या बाईला. तरी तीन महिने लायसन गेलं. आता पकडला तर कायमचं जाईल, बोलले."

"तुझ्या लायसनवर फुलं वाहतो मी. हा पोरगा काय तुझा कोण नाय?"

संदेश आणि सुरज एका शाळेत होते. त्याने आरशात पाहिलं. सुरजचं तोंड उघडं होतं. घशातून घरघर येत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा येत होती. दर वेळी थांबली की जना त्याच्या छातीवर हात फिरवायची.

"मावशी, बोलत राहा त्याच्याशी," संदेश म्हणाला.

"बोलतेय रे. तू बघ पुढं."

घरघर पुन्हा थांबली. या वेळी जरा जास्त वेळ. मग आली.

"लायसन गेलं खड्ड्यात," संदेश म्हणाला.

त्याने ब्रेकवरचा पाय काढला. काटा चाळीसवर गेला, पन्नासवर गेला, साठवर पोचला. वळणावर टायर किंचाळले. दामूने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. समोरून चढणाऱ्या गाड्यांच्या वेगाने संदेश उतरत होता. आता कॅमेरा लागला तरी चालेल, पोलीस लागला तरी चालेल, असं त्याला वाटलं. मनावरचा दगड बाजूला झाला होता. आपण पोचतो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

"संदेश," मागून जना म्हणाली, "हळू घे."

"काय?"

"हळू घे रे. दणके बसतात त्याला."

दामू चिडला. "वयनी, येड लागलं काय तुला? आत्ता कुठं गाडी पळाय लागली!"

"शांत पडलाय तो. पडू दे."

दामूने वळून पाहिलं. काचेतून ऊन येत होतं आणि जनाने सुरजच्या डोळ्यांवर तळहाताचा आडोसा धरला होता. घरघर नव्हती. दामूचे खांदे सैल झाले.

"उतार पडला वाटतं," तो संदेशला हळूच म्हणाला.

संदेशने सुस्कारा सोडला आणि गाडी पुन्हा तीसवर आणली. त्यात थोडं स्वतःसाठीही होतं, हे त्याला कळत होतं. खाली झाडाच्या सावलीत कॅमेऱ्याची गाडी उभी होती. पोलिसाने जीपकडे पाहिलं आणि जाऊ द्या अशी मान हलवली. लायसन राहिलं. पोरगाही राहिला. संदेशला हसू येऊ पाहत होतं.

सापगाव मागे पडलं. सपाटीचा रस्ता लागला. तीसची हद्द संपल्याची पाटी डाव्या हाताला दिसली.

"मावशी, सुटलो बघ," संदेश म्हणाला. "आता कशी काढतो ती बघ."

त्याने गिअर बदलला. तेवढ्यात जनाचा हात मागून त्याच्या खांद्यावर आला. दुसरा हात तिने सुरजच्या डोळ्यांवरून काढला नव्हता.

"नको रे बाबा," ती म्हणाली. "मघाशी वळणावरच गेला तो. तिथं पोचलो का चिरायला आत नेतील. तवर हळूच चालव, माझ्या मांडीवर राहू दे."