लेस्टरची शेजारीण

“पाटी मोठी करून पाह्य,” भगवानराव म्हणाले.

पूनमनं मोबाइलवरचा फोटो बोटांनी ताणला. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या घरासमोर हाताची घडी घालून उभा असलेला राजकुमार कडेला सरकला आणि शेजारच्या शिलाईच्या दुकानाची पाटी पुढं आली. पाटीवर नंबर होता.

“लाव.”

सोयरिकीची चौकशी कशी करावी, ते नांदुऱ्यात भगवानरावांकडून शिकावं. मुलाच्या नातेवाइकांना ते कधीच विचारत नसत. नातेवाईक गोडच बोलणार. विचारायचं ते भिंतीला भिंत लागून राहणाऱ्याला. या रीतीनं भावकीतल्या वीसेक मुलींची लग्नं त्यांनी जमवली होती आणि एकीचीही तक्रार आली नव्हती. आता पाळी त्यांच्या एकुलत्या एक अश्विनीची होती. फोटोतला मुलगा उकंडरावांचा. बाजार समितीत उकंडराव म्हणतील ते होई, आणि भगवानरावांना समितीवर जायची फार घाई होती. होकार न्यायला मध्यस्थ कडूबा संध्याकाळी येणार होता.

पूनम त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. आईबाप अपघातात गेले तेव्हा सात वर्षांची होती, तेव्हापासून ती इथंच वाढली. अश्विनी तिच्याहून वर्षानं मोठी. दोघी अजूनही एका ताटात जेवायच्या.

फोन उचलणाऱ्या बाईचं नाव शमीम. शेजारच्या मुलाबद्दल विचारताच तिनं उलट विचारलं.

“आप लड़कीवाले हैं?”

“हाव. लड़की का बाप हूं.”

शिलाई मशीनचा आवाज येत राहिला. मग तो थांबला.

“भाईसाहब, मेरी भी दो बेटियां हैं, इसलिए कहती हूं. वहां मत दीजिए.”

राजकुमारला आधी एक बायको होती, डिंपल नावाची. कामावर जाताना तो दाराला बाहेरून कुलूप लावायचा. एका दुपारी ती मागच्या खिडकीतून उतरून शमीमच्या दुकानात आली, तेव्हा तिच्या हातावर तापलेल्या इस्त्रीचा त्रिकोण उमटला होता. शमीमनंच तिला दवाखान्यात नेलं होतं.

“कौनसे हाथ पे?” भगवानरावांनी विचारलं.

“दाएं.”

“आप कहां के?”

“लाहौर के.”

भगवानरावांनी फोन कापला. खांद्यावरच्या पंच्यानं तो दोन्ही बाजूंनी पुसला आणि मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली. पाकिस्तानी बाईशी आपण इतका वेळ बोललो, याची त्यांना शिसारी आली होती.

“मोठेबाबा, थे बाई खरं बोलत असन,” पूनम म्हणाली. “खोटं बोलून तिले काय भेटनार हाय?”

“काय भेटनार? मॅच झाल्यावर तिथं आपले अन् त्यायचे पोरं रस्त्यावर आले होते. बाटल्या फेकल्या त्यायनं आपल्या पोरायवर. राजकुमार त्या मोर्चात सगळ्यात पुढं होता. त्याचं लगन मोडलं त पेढे वाटतीन थे.”

“मंग डिंपललेच विचारू. तिचा नंबर त्या बाईजवळ असनच.”

“तुले पाकिस्तानी खरी वाटते अन् आपला पोरगा खोटा? अन्न कोनाचं खाऊन राह्यली तू?”

पोरक्या मुलीला तिच्या घासाची अशी आठवण करून द्यावी, याची खरं तर किळस यायला हवी. त्या घरात ती कुणालाच आली नाही. दाराआड उभी असलेली अश्विनी रडायला लागली, तीही स्वतःसाठीच.

पूनम मात्र हलली नाही. “मले मारा पाह्यजे त. पन ताईले तिथं देऊ नका. तिथं तिचं कोन हाय?”

“चहा टाक,” भगवानराव म्हणाले. “कडूबा येऊन राह्यला.”

कडूबा आला आणि ओसरीवर तमाशा सुरू झाला. भगवानरावांनी आवाज बारीक केला, डोक्यावर पंचा घेतला आणि ‘मेरी भी दो बेटियां हैं’ म्हणत हात नाचवले. कडूबा मांडीवर थापा मारून हसला. मग दोघांनी अंगणात तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. दोन पिकली माणसं एका परक्या बाईच्या पोटच्या मुलींवर हसत होती आणि स्वतःला देशभक्त समजत होती. ऐकणाऱ्याला ओकारी यावी असं सगळं चाललं होतं.

“आपल्या पोरायची इज्जत घेऊन राह्यले हे लोक, सातासमुद्रापार,” कडूबा म्हणाला.

“म्हनूनच आता सोयरीक झालीच पाह्यजे. नाही म्हटलं त पाकिस्तान जितलं! उकंडरावले सांग, त्या बाईच्या तोंडावर फोन आपटला भगवानरावनं.”

“छाती फुगन त्याची. तसंही त्याले तुमचंच घर पाह्यजे. पत्रिका तेवढी द्या दोनचार दिवसांत, म्हंजे तारीख काढू.”

पूनमनं चहाचे कप उचलले. भगवानरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही. कडूबाला त्यांनी फाटकापर्यंत सोडलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून ते आत आले.

स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी सिंधूताई एकट्याच होत्या. तव्यावरची भाकर करपायला आली होती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “थे बाई खरंच खोटं बोलली काय?”

भगवानरावांनी दाराची कडी आतून लावली. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“शेजारीन हाय थे. एक शब्दही खोटा नाही तिचा,” ते हळूच म्हणाले. “अश्विनीची पत्रिका जुळत नाही म्हनून कळवतो मी उकंडरावले. तू पूनमचे फोटो काढून ठेव.”