रंग बघा, रंग!

"बाबा, सिनेमावाले वापरतात ते सॉफ्टवेअर मी विंडोजशिवाय, लिनक्सवर चालवून दाखवलं, तेही फुकटात!" जावई नातेवाइकांपुढे छाती काढून म्हणाला. गेलेल्या सासूबाईंचा व्हिडिओ करायला त्याने महिनाभर घोळ घातला होता. पडद्यावर त्या हसल्या, बोलल्या, पण ऐकू काहीच आलं नाही.

"मोबाईलमधला आवाज लिनक्सवर घेत नाही ते. तुम्ही रंग बघा, रंग!" म्हणत त्याने रंगांवर भाषण ठोकलं.

सासऱ्यांना बायकोचा आवाज हवा होता. त्यांनी खिशातला मोबाईल काढून मूळ व्हिडिओ लावला. त्यातून तिचा आवाज आला,

"अहो, मी जरा पडते. जावईबापूंची टकळी थांबली की मला उठवा."



जावई एकदाचा गप्प झाला. ती काही उठली नाही.