काचसुद्धा फुटणार नाही

मतदान आठवड्यावर आलं की दंगलीच्या धास्तीने नैरोबीत दोन गोष्टी आधी संपतात, मक्याचं पीठ आणि गावाकडच्या बसची तिकिटं. यंदाही संपली होती.

आफ्रिकेचं भविष्य सांगणारे अर्थतज्ज्ञ डॉ. ओगुटू टीव्हीवर बोलत होते. "पंचवीस वर्षांनी अख्खं जग आफ्रिकेच्या जिवावर चालेल. गुंतवणूकदारांनी बिनधास्त यावं. आणि या निवडणुकीचं म्हणाल, तर कुणीही जिंको, इथे काचसुद्धा फुटणार नाही."

कार्यक्रम संपला. मेकअप करणारी अकोथ त्यांच्या कपाळावरची पावडर पुसू लागली.

"बरं झालं डॉक्टर, तुमचं ऐकलं. पोरांना घेऊन उद्या किसुमूला माहेरी पळणार होते. नवरा कधीचा म्हणतोय, भित्री कुठली. आता नाही जात. तिकिटं परत करून टाकते."

डॉक्टरांनी आरशातूनच मागे पाहिलं. दारापाशी कुणी नव्हतं.

"किती आहेत?"

"चार."

"मग परत कशाला करतेस," ते हळू आवाजात म्हणाले. "मला दे. आम्हीही चौघंच आहोत."