तिसरी बाटली

तिसरी बाटलीही निर्मळ निघाली.

पोलोग्राउंडच्या औषध कारखान्यातल्या प्रयोगशाळेत अच्युतने काचनळी उजेडासमोर धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. क्रोम नाही, तांबं नाही, आम्ल नाही. इंदूरच्या नळालाही इतकं चांगलं पाणी येत नव्हतं.

"अच्युत भिया, और कितनी बार देखोगे?" प्रयोगशाळेचे प्रमुख प्रतापराव मागून म्हणाले. "पाणी आहे, मुलगी नाही पसंत करायची. रिपोर्ट लिहा और छुट्टी करा."

छुट्टी करणं एवढं सोपं असतं तर त्याने पहिल्याच बाटलीला केली असती.

पाणी त्याच्या बायकोच्या, मंजिरीच्या माहेरचं होतं. कोकणातलं, खाडीकाठचं. दोन वर्षांपूर्वी, बासष्ट साली, तिथे रंगाचा कारखाना आला. आधी मासे उलटे होऊन तरंगले, मग काठावरची झाडं वाळली, आणि आता दारची विहीर तांबूस झाली, असं त्याचा मेहुणा बंडू पत्रांतून कळवत होता. बंडूच्या सहा वर्षांच्या मुलीच्या, यशोधरेच्या अंगावर चट्टे उठले होते. गावाने कलेक्टरकडे अर्ज केला. कारखान्याचा केमिस्ट म्हणाला, विहिरीचं पाणी उत्तम आहे. तेव्हा बंडूने भर चौकशीत छातीठोकपणे सांगितलं, "माझे मेहुणे इंदूरला केमिस्ट आहेत. ते लिहितील ते आम्हाला मान्य." कारखान्याने ते तिथल्या तिथे कागदावर घेतलं.

झालं. तेव्हापासून अच्युतची झोप उडाली.

पहिली बाटली आली तेव्हा त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. दुसरीच्या वेळी त्याने बंडूला खरमरीत पत्र लिहिलं, पाणी कुठून घेतोस ते नीट कळव. बंडूचं उत्तर आलं : "दारच्याच विहिरीतून, स्वतःच्या हाताने भरतो आणि आईकडे देतो. पार्सलची बांधाबांध तिची. चौकशीचं मात्र तिला बोललेलो नाही, उगाच घाबरते."

बांधाबांध तर बघत राहावी अशी. जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली बाटली, भोवती आमसुलं, वर फणसपोळी. सासूबाईंचा जावयावर जीव होता. लग्नानंतर तो पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याला टेकडीवरच्या देवीला नेलं होतं. तिथल्या विहिरीचं पाणी पिऊन तो म्हणाला होता, "आई, असं पाणी जन्मात प्यायलो नाही." बाई आठवडाभर ते शेजारणींना सांगत होत्या.

माणसं चांगली होती. पण बंडू? कारखान्यात कारकुनाच्या जागेसाठी त्याने अर्ज केला होता आणि त्यांनी त्याला घेतलं नव्हतं. त्या रागातून तर हे सगळं उभं राहिलं नाही ना, हा विचार अच्युतच्या मनात शिरला आणि निघेना.

संध्याकाळी त्याने मंजिरीला सांगितलं. ती भाजी चिरत होती, तिने विळी आडवी केली.

"म्हणजे माझा भाऊ झूठ बोलतोय?"

"मी असं कुठे म्हणालो? पाण्यात काही नाही, एवढंच."

"यशूच्या अंगावरचे चट्टेपण झूठ आहेत?"

"चट्टे कशानेही उठतात, मंजिरी."

"अहो, एक ओळ लिहायची. पानी खराब है. कोण येणार आहे इंदूरला बघायला?"

"तेच येतील. बाटली परत तपासून घेतील. माझी नोकरी जाईल आणि केसही."

"और नहीं लिखा तो?"

न लिहिलं तरी केस जाणार होती, खरं लिहिलं तरी जाणार होती. त्याचे आजोबा होळकर दरबारात तीस वर्षं दप्तर सांभाळून होते आणि त्यांनी एकही खोटी ओळ लिहिली नाही, हे त्या घरात जेवणापेक्षाही नेमाने वाढलं जायचं. अच्युतला त्या रात्री आजोबांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी त्याने अहवाल लिहिला. पाणी पिण्यास योग्य. खाली सही केली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला.

तीन आठवड्यांनी बंडूचं कार्ड आलं. "अर्ज फेटाळला. कारखान्याची सांडपाण्याची नळी आहे तिथेच राहणार. आई उज्जैनच्या यात्रेला निघाली आहे, तुमच्याकडे उतरेल." खाली ना नमस्कार, ना सही. मंजिरीने कार्ड वाचलं आणि त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागली.

सासूबाई आल्या त्या गुडघे धरतच. वाळल्या होत्या. हातांवर चट्टे होते. अच्युत वाकून नमस्कार करायला गेला, तो त्याची नजर त्या चट्ट्यांवरून हलेना.

"आई, हे कशाने?"

"पाण्याने हो. कडूजहर झालंय. आम्हाला आता सवय झाली." त्यांनी पिशवीतून लुगड्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि कौतुकाने त्याच्यापुढे ठेवली. "ही घ्या, बंडू आता भरून देत नाही, पण मी आणली."

पाणी काचेसारखं नितळ होतं.

"पण आई," अच्युतने बाटली उजेडासमोर धरली, "तुम्ही कडू म्हणता, आणि यात तर..."

"अगो बाई, ते कसं पाठवणार?" सासूबाई पदर सावरत हसल्या. "बंडूने भरून आणलेलं मी दरवेळी मागल्या दारी ओतून टाकायची. जावयाच्या घरी का कुणी तसलं पाणी पाठवतं? टेकडी चढून देवीच्या विहिरीचं भरायची. तुम्हाला आवडलं होतं ना?"