समुद्राकाठच्या कुरडया

सबीहा समुद्रापासून शेकडो कोस लांबच्या राजापेठेत भूगोलाची शिकवणी घ्यायची. त्या दुपारी ती पोरांना दाखवायला ग्रीसमधल्या एका लहानशा गावाचे फोटो लॅपटॉपवर पाहत बसली होती. तिन्ही अंगांनी डोंगर, चौथ्या अंगाला समुद्र, आणि एवढ्या पांढऱ्या घरांत उरलेली जेमतेम आठशे माणसं.

"घरं इतकी अन् माणसंच नाही?" तिची अम्मी, कुलसुमबी, मागून वाकली. "मले धाडून दे तिथं. तेवढंच एक वाढंन."

सबीहा हसली. अम्मी हसली नाही. तिनं फोटोतल्या एका गच्चीवर बोट ठेवलं.

गच्चीवर बाज होती. बाजेवर हिरवी ओढणी, ओढणीवर वाळत घातलेल्या कुरडया, आणि नजर लागू नये म्हणून कोपऱ्यात कोळशाचा खडा.

"ह्या तं माह्याच कुरडया," अम्मी म्हणाली. "ओढणीचा जळका कोपरा पाह्य ना. वरून वाळल्या वाटते. उलटून येतो."

आणि ती रोजच्यासारखी गुडघे धरत जिना चढून घराच्या गच्चीवर गेली.

सबीहानं फोटो मोठा केला. कुरडयांची पहिली रांग उलटलेली होती. मग तिच्या डोळ्यांदेखत दुसरी रांग उलटली.

जिन्यातून खारट, गार वारा खाली आला.

"अम्मी, खाली ये!"

"थांब वं! समुंदर तं पाहू दे!"

आवाज अम्मीचाच होता, मोठ्या खुशीतला. पण तो गच्चीवरून येत नव्हता. फार लांबून, पाण्यावरून येत होता.