ज्ञानाची मात्रा

त्र्यंबकराव पिंगळे रुसले होते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी सातच्या ठोक्याला ते सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अजब माहिती टाकत. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, फुलपाखरू पायांनी चव घेतं, गाजरं पूर्वी जांभळी असत. परवा मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुमच्या प्राणिसंग्रहालयात टँकरचे निरोप हरवतात हो!" त्यावर सगळे खो खो हसले.

"आता बंदच करतो. कळू दे यांना," त्र्यंबकरावांनी बायकोला सांगितलं.

कुणालाच काही कळलं नाही. ते फोन हातात धरून बसायचे. ग्रुपवर टँकर यायचा, वाढदिवस यायचे, त्यांची विचारपूस मात्र येईना.

अखेर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरची शलाका भेटली. "काका, मेसेज का बंद केलेत? आमची फार पंचाईत झालीय."

त्र्यंबकरावांना भरून आलं. "कुठली माहिती आवडली होती गं तुला?"

"वाचत नाही मी," ती ओशाळली. "पण सातला तुमचा मेसेज वाजला की सासूबाई थायरॉईडची गोळी घ्यायच्या. आता रोज विसरतात."

लिफ्ट थांबली. त्र्यंबकरावांनी दार धरून ठेवलं. मग घसा खाकरून त्यांनी विचारलं, "रात्रीचीही असते का गोळी?"

"असते ना, नऊला. बीपीची."

त्या दिवसापासून सोसायटीला दोन वेळा ज्ञान मिळू लागलं.