रुईची खोली

साहेबाची मोटार जळगावच्या जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, फाटकात शिरली, तेव्हा मुकादम अभिमन झुंबरबाईला दंडाला धरून रुईच्या खोलीकडे नेत होता.

"साहेब जावापावत आठे बस," तो म्हणाला. "खोकला उना ते तोंडमा पदर कोंब."

 झुंबरबाईच्या छातीत बोलण्याइतकी हवा नव्हती. दारातून तिनं मागं वळून शेवंताकडे, आपल्या धाकट्या जावेकडे पाहिलं आणि मान हलवली. साहेब येणार म्हणून सकाळी वाटेत तिनं बजावलं होतं, "मनं नाव सांगू नको. एकदाव खोकलावाली म्हनीसन नाव लागनं, ते कोन्हाच जिनमा लेवाव नहीत." तिचा नवरा वारून चार वर्षं झाली होती. पदरात दोन मुली होत्या. शेवंताचा नवरा निंबा निदान गाठी उचलायला जात होता.

अभिमननं दार लावून बाहेरून कडी घातली. त्या खोलीत सरकी काढलेली रुई छतापर्यंत भरलेली होती. धड माणसालाही तिथं घटकाभर उभं राहवत नसे.

मग त्यानं भराभर खिडक्या उघडायला लावल्या, फरशीवर पाणी शिंपडलं. पौषातलं गार वारं आत आलं. दिवाळीपासून बंद असलेल्या त्या खिडक्यांतून पहिल्यांदाच समोरचा लिंब दिसला. बायका सरकी काढायच्या रेच्यांत कापूस सारता सारता तिकडे बघत राहिल्या.

साहेब कारखाने तपासणारा सरकारी अधिकारी होता. वयानं तरुण, बोलायला मवाळ. तो दोन्ही रांगांतून सावकाश फिरला. एका तुळईवरून त्यानं बोट फिरवलं, त्यावर आलेला पांढरा थर पाहिला आणि रुमालाला पुसला.

"जरा इंजिन थांबवा," तो म्हणाला. "मला या बायकांशी बोलायचंय."

पट्टे फडफडत थांबले. इतका वेळ कानात भरलेला आवाज एकदम गेला. आणि त्या शांततेत रुईच्या खोलीतून खोकला ऐकू आला. कोंडलेला, तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा. एकदा, आणि मग लागोपाठ.

साहेबानं मान वळवली. "कोण खोकतंय?"

 चाळीस बायकांच्या माना खाली. साहेबाचे डोळे बंद दाराकडे निघाले तसे शेवंतानं पाहिले. दार उघडलं, तर झुंबरअक्काला वारा मिळेल. आणि उद्या तिची चूल पेटणार नाही.

तिनं तोंडाशी मूठ धरली आणि खोकायला लागली. रोज कानी पडणारा तो खोकला तिला पाठ होता. मधला शिट्टीसारखा श्वाससुद्धा. ती इतकी खोकली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आतला आवाज त्याखाली बुडाला.

"माले शे, साहेब," ती म्हणाली. "खोकला माले शे."

साहेब तिच्यापाशी आला. "कधीपासून?"

"दिवाळीपाईन लागस. पहिले होळीले थांबी जाये. दोन साल व्हयनात, आते थांबत नही."

"रोज सारखाच?"

"सुटीना दुसरा दिन जास्ती. छातीवर दगड ठेवेल सारखा वाटस."

"रात्री झोप लागते?"

"आडं पडता येत नही. भितले टेकीसन बशी ऱ्हास." अक्काला रात्री तसं बसलेलं तिनं पाहिलं होतं.

साहेबानं सगळं लिहून घेतलं. मग अभिमनकडे वळून म्हणाला, "या बाईला पुन्हा रेच्यावर बसवायचं नाही. ही हवा तिला मारील. माझा तसा लेखी हुकूम येईल." आणि शेवंताला हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही बोललात म्हणून बरं झालं. कुणी बोलत नाही."

मोटार फाटकाबाहेर गेली. रुई उडते म्हणून खिडक्या पुन्हा लागल्या. कडी काढली तेव्हा झुंबरबाई दाराला टेकूनच बसलेली होती. ती भिंत धरून उठली. भुवया, पापण्या, ओठांवरची लव, सगळं पांढरं. दोन पावलं चालून ती थांबली, श्वास गोळा केला आणि पुन्हा चालली.

"तू आतेच निंघ," अभिमन शेवंताला म्हणाला. "साहेबनं लिखेल शे. मना हातमा काही नही."

"मंग मना रेचा?"

"झुंबर पाही लेई. बाजूलाच ते शे. दोन्ही चालवी ती."

"अक्काकडथून व्हवाव नही," शेवंता म्हणाली.

"व्हई," झुंबरबाई मधेच म्हणाली. मग जावेकडे न बघता तिनं विचारलं, "तू कसाले बोलनी?"

इंजिन सुरू झालं. झुंबरबाईनं पदराचा घट्ट वेढा नाकातोंडाभोवती घेतला आणि दोन रेच्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एका हातानं इकडे कापूस सारायचा, एका हातानं तिकडे.

शेवंता फाटकाबाहेर आली. ऊन चांगलंच वर आलं होतं, उत्तरेकडून स्वच्छ गार वारं वाहत होतं. तिनं श्वास घेतला. तो कुठंही न अडखळता थेट खाली पोटापर्यंत गेला. शेवंतानं पदर तोंडावर धरला आणि तशीच घराच्या वाटेला लागली.